पाटीखालचा रंग

हिड्डे दुकानात आला तेव्हा
त्याच्या हातात काडेपेटी होती
आणि काडेपेटीत, कापसावर,
नखाएवढी एक खपली.
"हा," तो म्हणाला. "हाच. याच्या आसपासचा नको."

माक्कुमात रंगाचं दुकान माझं एकटीचं.
होड्या, दारं-खिडक्या, एकदा तर
चर्चच्या शिखरावरचा पत्र्याचा कोंबडा.
बावीस वर्षं मीच ढवळते या गावाचे रंग.
पण लष्करी ट्रक कधी आला नव्हता,
आणि तोही असा, काडेपेटीत बसून.

ट्रक कॅनडाचा. पंचेचाळीसच्या एप्रिलात
बांधाच्या रस्त्याने आला, बिघडला, राहिला.
मग गावाने त्याला कामाला लावलं.
बंबवाल्यांनी लाल केला,
दूधडेअरीने पांढरा,
आणि हिड्डेच्या काकाने, होडीतून उरलेल्या रंगात,
एक अख्खी बाजू निळी.
दुसरी करायची राहूनच गेली.

गेला हिवाळाभर हिड्डे ओल्या पॉलिशपेपरने
एकेक मालक उतरवत होता.
पांढऱ्याखाली लाल, लालाखाली हिरवट काहीतरी,
पण ते कुणीतरी घाईत, ब्रशने,
पेट्रोल घालून पातळ करून फासलेलं.
मग खरा कोणता?
शेवटी त्याने कारखान्याची पितळी पाटी काढली.
चार स्क्रू. त्यातला एक तुटला.
आणि पाटीखाली, ऐंशी वर्षं
ऊन न पाहिलेला, हा.

माझ्या यंत्राने खपलीकडे बघून एक आकडा सांगितला.
हिड्डेच्या तक्त्याने दुसरा.
मी म्हटलं, आकडे राहू देत, खिडकीपाशी ये.
खिडकीत तो खाकी. दिव्याखाली मेहंदी.
ढग आला तसा शेवाळी, मग नुसताच मातकट.
मी काळ्याचा एक थेंब घातला, पिवळ्याचे दोन,
पुन्हा काळ्याचा अर्धा.
"हे मेलेलं गवत झालं," हिड्डे म्हणाला.
"आणि मघाचं फारच जिवंत होतं."
मग हवंय तरी काय रे बाबा?
"बांधावरचं. मार्चमधलं.
मेंढ्या सोडायच्या आधीचं."
हे मात्र मला कळलं.

तीन फळ्या रंगवून आम्ही औक्येकडे नेल्या.
त्याची आई. ट्रक आला तेव्हा नऊ वर्षांची,
बांधावर उभी.
तिने पहिली फळी पाहिली. नाही.
दुसरी. नाही.
तिसरी, जी खपलीशी तंतोतंत जुळत होती,
जिच्यापायी माझे दोन रविवार गेले,
ती तिने टेबलावर पालथी घातली.
"हा नव्हे. तो गडद होता. आणि चमकत होता."
"आई, लष्करी रंग चमकत नाही.
चमकू नये म्हणून तर तो असतो."
"मला नको शिकवूस. मी पाहिलाय. तू नव्हतास."

बराच वेळ कुणी बोललं नाही.
कॉफी निवली.
मग मीच विचारलं, त्या दिवशी हवा कशी होती?
तिने माझ्याकडे असं पाहिलं
की मी जन्माची बावळट.
"पाऊस होता. सकाळपासून.
आमचे लाकडी बूट काठोकाठ भरले होते."

हिड्डे उठला. स्वयंपाकघरात नळ सुटल्याचा आवाज.
फळी निथळत निथळत बाहेर आली,
गालिचाभर थेंब.
औक्येने तिच्यावर हात ठेवला.
तो पुसायला रुमाल काढू लागला, तर म्हणाली,
"राहू दे."

ट्रक पाटीखालच्याच रंगात रंगला, कोरड्या.
डब्यावर मी आकडा घातला नाही. लिहिलं:
मार्च, बांध, मेंढ्यांआधी.
पाच मेला लख्ख ऊन. चौकात
बाकीच्या गाड्या पुसूनपासून उभ्या,
आणि हिड्डे कालव्यातून बादली भरून
दारावर ओततोय.
पोरं हसतायत, कुणी जाणकार हरकत घेतोय,
बादलीतून एक शेवाळाची दोरी
आरशाला लटकलीय,
आणि औक्ये खुर्चीतून ओरडतेय:
"बॉनेटवर पण! लवकर रे,
इकडून वाळायला लागला!"